धुऱ्याच्या अलीकडे

आमच्या वावरात दरसाल गोटे निघतात. नांगरटी झाली, ढेकळं उन्हात तापून फुटली, वखर फिरला की मृगाच्या आधीचे आठ-दहा दिवस घरातले सगळे टोपली घेऊन वावरात असतात. उजाडल्यापासून दहापर्यंतच, कारण त्यानंतर गोटा हातात धरवत नाही. बाबांनी मला या कामातली पहिली गोष्ट शिकवली ती अशी, की गोट्याला थेट हात घालायचा नाही. आधी खुरप्याच्या टोकाने उलटायचा, खाली विंचू नाही हे पाहायचं, मग उचलायचा. टोपलं भरलं की धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, नेऊन रिकामं करायचं. आमच्या पश्चिमेच्या धुऱ्यावर आजोबांच्या काळापासूनची अशी रास आहे. कमरेइतकी उंच, तिच्यात बोरीची झुडपं उगवलेली. पलीकडे काकांचा संत्र्याचा बगीचा.

लहान होते तेव्हा वाटायचं, वेचता वेचता एक दिवस गोटे संपतील. बाबांना विचारलं होतं, "दरसाली वेचतो, मंग पुन्हा कुठून येते?" बाबा म्हणाले, "वावर हाय बाई, देत राहते."

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यातलं हे गाव. मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माहेरापासून फार लांब नाही. सूर्यमालेचा धडा दरवर्षी येतो. त्यात एक वाक्य असतं, परीक्षेत एका गुणाला हमखास विचारलं जाणारं: मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लघुग्रहांचा पट्टा आहे. त्याच्या अलीकडचे बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे अंतर्ग्रह, पलीकडचे गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे बहिर्ग्रह. पोरांना समजावं म्हणून मी पट्ट्याला धुरा म्हणत आले. अलीकडे आपलं वावर, पलीकडे दुसऱ्याचं, मध्ये गोट्यांचा धुरा. पोरांच्या लगेच डोक्यात बसतं आणि एक गुण मिळतो.

दोन वर्षांपूर्वी मागच्या ओळीतून एक पोरगा उठला. बाप त्याचा सालदार, पोरगा स्वतः सुट्टीत गोटे वेचायला जाणारा. म्हणाला, "मॅडम, सारे गोट्याचे ग्रह धुऱ्याच्या अलीकडेच काहून? पलीकडे एक बी नाई?"

एवढी वर्षं मी ते वाक्य शिकवत होते, ते फक्त पत्ता म्हणून. कुठे राहतो, तर मंगळाच्या पुढे आणि गुरूच्या मागे. त्या पत्त्यामागे काही कारण असेल, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या पोराला मी म्हटलं, "सांगते, पण आधी सगळे मिळून मोजून पाहू."

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या दिवशी, आम्ही सूर्यमाला पांदणीवर, म्हणजे वावरांकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर, मांडली. माप ठरवलं: पृथ्वी ते सूर्य हे जवळपास १५ कोटी किलोमीटरचं अंतर म्हणजे १०० मीटर. या हिशेबाने सूर्य ९३ सेंटिमीटरचा येतो. शाळेच्या भिंतीवर चुन्याने तेवढा गोल काढला. मग पोरांनी घरून आणलेलं धान्य काढलं. बुधाला ज्वारीचा दाणा, ३९ मीटरवर. शुक्राला हरभरा, ७२ मीटरवर. पृथ्वीही हरभराच, साडेआठ मिलिमीटरचा, कालच खळ्यातून आलेला. तो १०० मीटरवर, जिथे शाळेचं मैदान संपून पांदण लागते. मंगळाला मूग, १५२ मीटरवर, पांदणीच्या पहिल्या बाभळीखाली. चार पोरं चार दाणे तळहातावर घेऊन उभी राहिली. इथपर्यंत एकमेकांना हाक ऐकू जात होती.

मग लांबच लांब मोकळी पांदण. गुरूला मृग बहाराचं चांगलं मोठं संत्रं घेतलं होतं, नऊ सेंटिमीटरचं. ते ५२० मीटरवर गेलं, नाला ओलांडून, एकाच्या बगीच्यात. पोरीने ते संत्र्याच्याच झाडाखाली ठेवलं आणि तिथून रुमाल हलवला. शनी साडेनऊशे मीटरवर होता, तिथपर्यंत दोन मोठी पोरं सायकलने गेली. नेपच्यून तीन किलोमीटर, म्हणजे फाट्यावर. तो आम्ही मनातच ठेवला.

आता मधला धुरा. लघुग्रहांतला सगळ्यात मोठा सेरेस, सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा. आमच्या मापात तो अर्ध्या मिलिमीटरहून जरासा मोठा, म्हणजे जाड रव्याचा एक कण. एका मुलीने तो ओल्या बोटाच्या टोकावर घेतला आणि २७७ मीटरवर चालत गेली. पट्टा साधारण २१० मीटरपासून ३३० मीटरपर्यंत. मी पोरांना वहीत हिशेब करायला लावला: शाळेच्या भिंतीभोवती एवढ्या रुंदीचं कडं काढलं तर त्याचं क्षेत्र किती? उत्तर आलं पन्नास एकर. त्या पन्नास एकरांत किती माल? सेरेस, वेस्टा, पॅलास, सगळे लाखो लहानमोठे गोटे एकत्र केले तरी त्यांचं वजन आपल्या चंद्राच्या तीन टक्क्यांच्या आसपास. सेरेस एकटाच त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणजे रव्याचे जेमतेम अडीच कण, पन्नास एकरांत भुकटी करून उधळलेले, आणि तेही जमिनीवर नाहीत, वरखाली अंतराळात.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात गोट्यांची दाट माळ दाखवतात, त्याने फार चुकीचं मनात बसतं असं माझं ठाम मत आहे. 'पट्टा' हा शब्दही तसाच. ऐकताक्षणी काहीतरी सलग, अडवणारं डोळ्यापुढे येतं. १९७२ साली पायोनियर १० हे यान पहिल्यांदा या भागात शिरलं आणि १९७३ मध्ये सुखरूप पलीकडे निघालं. धडकण्यासारखं तिथे दाट काही नव्हतंच. म्हणजे माझा धुराही चुकलाच होता. आमचा धुरा बैलाला वळवतो. हा कोणालाच अडवत नाही.

तेवढ्यात त्या मुलीचा आवाज आला. वाऱ्याची झुळूक आली आणि बोटावरचा कण गेला. ती रडवेली झाली. "मॅडम, सेरेस हरपला!" सगळी पोरं पांदणीत वाकून रव्याचा कण शोधायला लागली.

मला त्या क्षणी खूप आनंद झाला, कारण सेरेस खरंच असाच हरवला होता. अठराव्या शतकात टिटियस आणि बोडे या जर्मन अभ्यासकांनी ग्रहांच्या अंतरांत एक आकड्यांची मांडणी दाखवली होती. ० , ३, ६, १२, २४, ४८, ९६ हे आकडे घ्या, प्रत्येकात ४ मिळवा, दहाने भागा. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर १ धरलं, तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ बरोबर बसतात, गुरू आणि शनीही बसतात. फक्त २.८ च्या जागेवर कोणीच नाही. १८०१ च्या १ जानेवारीला सिसिलीतल्या पालेर्मो इथे जुझेप्पे पियात्सी या धर्मगुरू खगोलशास्त्रज्ञाला तिथे एक ठिपका सरकताना दिसला. काही आठवडे त्याने तो पाहिला, मग तो आजारी पडला आणि ठिपका सूर्याच्या उजेडात गेला. हरपला. तेव्हा २४ वर्षांच्या गाऊस नावाच्या गणितज्ञाने त्या थोड्या नोंदींवरून कक्षा मांडून तो कुठे सापडेल ते सांगितलं, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो सापडला. (ती आकड्यांची मांडणी पुढे नेपच्यूनला लागू पडली नाही. तो निसर्गाचा नियम नव्हता. पण शोधणाऱ्यांना त्याने योग्य जागी बघायला लावलं, हे त्याचं मोठं काम.)

त्या ठिपक्याला नाव दिलं सेरेस. रोमन लोकांची ही पिकाची देवी. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "धुऱ्यावरच्या गोट्याले पिकाचं नाव देल्लं? बराबर केलं."

आता त्या पोराचा प्रश्न. गोट्याचे ग्रह अलीकडेच का?

साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी सूर्य तयार होत होता तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरत होती. जवळ उष्णता फार. तिथे पाणी, अमोनिया, मिथेन हे सगळे वाफेच्याच रूपात राहिले. घट्ट होऊ शकले ते फक्त खडक आणि धातू. आणि त्या सगळ्या मालात खडक-धातू होतेच किती? अगदी थोडे. म्हणून सूर्याजवळचे चारही ग्रह लहान, आकाराच्या मानाने जड आणि दगडाचे. सूर्यापासून लांब जाल तसं एक ठिकाण येतं जिथे पाण्याचा बर्फ होतो. साधारण आजच्या पट्ट्याच्या भागातच ही हद्द होती असं मानतात. त्याच्या पलीकडे दगडासोबत बर्फही गोळा व्हायला लागला, माल एकदम वाढला, ग्रहाचा गाभा भराभर मोठा झाला आणि त्याने भोवतालचा हायड्रोजन आणि हेलियम ओढून घेतला. गुरू आणि शनी असे फुगले. हरभरा आणि संत्रं यांतला फरक तिथून पडला.

म्हणजे ग्रहांना अलीकडे आणि पलीकडे असं धुऱ्याने वेगळं केलेलं नाही. वेगळं केलं ते सूर्याच्या आचेने. चुलीजवळचं आणि चुलीपासून लांबचं, एवढाच तो भेद. पट्टा त्या दोघांच्या मध्ये उरला आहे.

आणि तो उरला कसा, हे मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून गेलं. आमच्या धुऱ्यावरचे गोटे वावरातून काढलेले आहेत. वावर आधी, धुरा मागून. वर मात्र उलटं आहे. तिथले गोटे कोणत्याही ग्रहातून काढून फेकलेले नाहीत, त्यांचा ग्रह झालाच नाही. शेजारी गुरू इतका लवकर आणि इतका मोठा झाला, की त्याच्या ओढीने या गोट्यांचे वेग वाढले. हळूहळू येऊन चिकटण्याऐवजी ते एकमेकांवर आदळून फुटायला लागले, आणि बहुतेक माल तर उधळूनच गेला. जे राहिलं ते अडीच कण. अलीकडच्या चार ग्रहांचा दगड पुढे वितळला, गाळला गेला, लोखंड पोटात गेलं, वर ज्वालामुखी आले, कुठे पाणीही आलं. पट्ट्यातल्या कितीतरी गोट्यांना असं काहीच झालं नाही. पृथ्वी कोणत्या मालाची बनली हे पाहायचं असेल, तर पृथ्वीवर तो माल मूळ रूपात शिल्लक नाही. धुऱ्यावर आहे.

तो पाहायला आम्हाला लांब जावं लागलं नाही.

२२ मे २०१२, मंगळवार. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी होते. दुपारी दोनच्या सुमारास सगळं गाव पडवीत आडवं झालेलं असताना भल्ला मोठा आवाज झाला, मग घरघर लांबत गेल्यासारखी. बाबा उठून बसले. "खदानीत सुरुंग लावला का याईनं भर दुपारी?" आईने पत्र्याकडे पाहिलं. आभाळ कोरडं ठणठणीत. संध्याकाळपर्यंत कळलं की काटोलला आभाळातून दगड पडले. नागपूरहून भूवैज्ञानिक आले, दगड गोळा झाले, पेपरात फोटो आला. बाहेरून काळी, भाजल्यासारखी पातळ साल, आत फिकट राखाडी. हवेतून येताना वरचा थर वितळतो आणि थिजतो, त्याची ती साल. आतला दगड तसाच राहतो.

आज त्याचं नावच काटोल उल्का आहे. जगभरच्या उल्कांच्या यादीत आमच्या तालुक्याचं नाव आहे. वर्ग एल-६, म्हणजे लोखंड कमी असलेला साधा दगडी प्रकार. या जातीचे दगड पट्ट्यातूनच येतात, आणि त्यांपैकी कितीतरी दगडांच्या अंगावर साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड टकरीच्या खुणा आहेत. तिथून इथे यायची वाटही ठरलेली आहे. पट्ट्यात काही जागा रिकाम्या आहेत, कर्कवुड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने त्या १८६६ मध्ये दाखवल्या. उदाहरणार्थ, जिथला गोटा गुरूच्या एका फेरीत बरोबर तीन फेऱ्या मारतो ती जागा. तिथे गुरूची ओढ पुन्हा पुन्हा ठरल्या ठिकाणीच बसते. झोक्याला नेमक्या वेळी हात लावत राहिलं की झोका चढत जातो, तशी त्या गोट्याची वाट लांबट होत जाते. शेवटी ती मंगळाची वाट ओलांडते, मग पृथ्वीची.

काटोलच्या त्या दगडात भारतीय शास्त्रज्ञांना ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हे खनिज पृथ्वीत भरपूर आहे, किंबहुना सगळ्यात जास्त तेच आहे, पण ६६० किलोमीटरहून जास्त खोल. तिथून ते जसंच्या तसं वर येऊ शकत नाही, दाब सुटला की त्याचं रूप टिकत नाही. टकरीच्या धक्क्याने त्या दगडात क्षणभर तसाच दाब निर्माण झाला आणि ते आत अडकून राहिलं. आपल्या पायाखालच्या खोल जमिनीचा नमुना आपल्याला वरून मिळाला. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

आमच्या वावरातला काळा गोटा हा दख्खनच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. आभाळातल्या या दगडाचं वय साडेचारशे कोटींच्या घरात. पोरांना मी सांगते, वावरातला गोटा नातू धरला तर काटोलचा दगड आजोबांच्याही मागे कितीतरी पिढ्या.

आमच्या विदर्भात धुऱ्यावरून आलेल्या गोट्याची याहून मोठी खूण लोणारला आहे, बुलढाणा जिल्ह्यात. १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर याच काळ्या दगडात खणलं गेलं. लोणासुर राक्षसाला विष्णूने तिथे मारलं ही कथा आईने मला लहानपणी सांगितली होती आणि गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ पाहायला नेलंही होतं. तळ्याचं पाणी आईने बोटाने चाखलं आणि म्हणाली, "पापडखारावानी लागते." बरोबरच होतं. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, वाफ होते आणि मागे सोड्याचा खार राहतो. पापडखारातही सोडियम कार्बोनेट असतंच.

आता हे पाहा. डॉन नावाचं यान २०१५ मध्ये सेरेसला पोचलं तेव्हा एका विवरात पांढरेशुभ्र ठिपके चमकताना दिसले. तपासलं तर सोडियम कार्बोनेट निघालं. खालून खारं पाणी वर आलं, उडून गेलं, खार राहिला. त्या विवराचं नाव ऑकेटर. सेरेसवरच्या विवरांना शेतीच्या देवतांची नावं देतात, आणि ऑकेटर हा रोमन लोकांचा वखरणीचा देव. मी आईला मोबाइलवर तो फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "थ्या गोट्यावर पाणी हाय?" मी म्हटलं, बर्फ आहे, पोटात. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे गोटे बहुतेक कोरडे आणि दगडी, बाहेरच्या बाजूला काळपट, कार्बनचे, पाणी धरून असलेले जास्त. चुलीच्या आचेचा तोच उतार पट्ट्यातही दिसतो.

त्या पोराला मी हे सगळं तीन दिवस थोडं थोडं करून सांगितलं. एका गुणाच्या वाक्याला तीन तासिका लागल्या. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, धुरा हाय म्हणून वावर वेगळे नाई. वावर वेगळे झाले म्हणून मधात धुरा रायला." मी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं, त्याच्याच भाषेत.

आई आता सत्तरीच्या पुढे आहे, पण मृगाच्या आधी वावरात जायचं सोडत नाही. २०१२ पासून तिची एक सवय बदलली आहे. खुरप्याने गोटा उलटते, विंचू पाहते, आणि मग लगेच टोपल्यात टाकत नाही. हातात फिरवून त्याची साल पाहते. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पदराच्या टोकाला बांधलेलं असतं, ते लावून पाहते. मी तिला सांगितलं आहे की आपला काळा दगडही चुंबकाला थोडा ओढला जातो, त्यावरून काही ठरत नाही, फोडून आत पाहावं लागतं. ती हो म्हणते आणि पाहतच राहते.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने एक गोटा धुऱ्यावर टाकला नाही. लिंबाएवढा, आकाराच्या मानाने जड, एका बाजूने गुळगुळीत काळा. विहिरीच्या कठड्यावर फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. फोन करून म्हणाली, "तू येजो, मंग फोडू."

येत्या रविवारी जाणार आहे.